चार माणसांकडचे चार तुकडे : लातूरच्या एका वसतिगृहातलं प्रकरण

जीव द्यायच्या विचारापर्यंत आलेल्या एका मुलाचं हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. त्यातला मुलगा, वसतिगृह, मेस कुणा एकाची नाहीत. लक्षणं, घडलेल्या चुका, उपचारांचा क्रम आणि कायदा मात्र खरा आहे. मुलाने मनात कोणता मार्ग धरला होता ते मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण तो तपशील आधीच खचलेल्या वाचकाला इजा करू शकतो. वाचता वाचता असे विचार आपल्याही मनात आहेत असं जाणवलं तर इथेच थांबा आणि १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं.

मुलगा

वय १९. धाराशिव जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, पाठीवर एक बहीण. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचे दोन प्रयत्न झालेले, दुसऱ्या वेळी ७२० पैकी ४८७. तिसऱ्या प्रयत्नासाठी लातुरात रिपीटर बॅचला. ऑक्टोबरात फीचा दुसरा हप्ता आला तेव्हा वडिलांनी सोयाबीन घरात न ठेवता पडत्या भावात काढलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीला घरी गेल्यावर रिकामी खोली पाहून त्याला कळलं.

पुढे डॉक्टरांनी विचारल्यावर आणखी एक गोष्ट बाहेर आली. आठ वर्षांपूर्वी मामा गेला. घरात 'अपघात' म्हणायचे. तो अपघात नव्हता, आणि हे मुलाला ठाऊक होतं. जवळच्या नात्यात असा मृत्यू झालेला असणं ही जोखीम वाढवणारी बाब आहे. घर ती लपवतं, त्यामुळे डॉक्टरांपर्यंत ती आपणहून पोहोचत नाही.

अशा प्रकरणांत 'मार्क कमी पडले म्हणून' असं एक कारण चिकटवायची लोकांना घाई असते. इथे मार्क होते, फीचं ओझं होतं, मामा होता, आणि या सगळ्यांखाली दोन महिन्यांपासून वाढत गेलेलं, उपचार न झालेलं नैराश्य होतं. उपचार त्या नैराश्यावरच होणार होते.

कुणाला काय दिसलं

नोव्हेंबरचे पहिले तीन आठवडे. मेस चालवणाऱ्या काकूंना दिसलं की पोरगं अर्धी भाकरी टाकून उठतंय. एका दुपारी त्याने मागचे ३४० रुपये आणून दिले आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून माझा डबा धरू नका." काकूंना वाटलं, मेस बदलतोय.

रूम पार्टनर नांदेडचा. त्याला दिसलं की हा पहाटे तीन-साडेतीनला उठून गॅलरीत बसलेला असतो आणि नंतर झोपतच नाही. चिडचिड वाढली होती. एकदा दिवा बंद कर म्हटल्यावर त्याने पुस्तक भिंतीवर फेकलं. नंतर त्याच पार्टनरला बायोलॉजीच्या स्वतः काढलेल्या सगळ्या नोट्स दिल्या. "तुझं अक्षर गचाळ आहे, माझ्या घे." पार्टनर खूश झाला.

बहीण दहावीत. तिला फोनवर म्हणाला, "आईला जप गं. तू शहाणी आहेस." तिला वाटलं, दादा मोठ्या माणसासारखं बोलायला लागला.

क्लासच्या सरांना दिसली हजेरी: तीन आठवड्यांत अकरा दिवस गैरहजर. बायोमेट्रिकचा मेसेज वडिलांच्या मोबाइलवर जायचा. वडील मेसेज वाचत नाहीत.

चौघांच्याही हातात तुकडा होता आणि प्रत्येक तुकड्याचा साधा, सरळ अर्थ लागत होता. या प्रकरणाचा गाभा तोच आहे. एकेकटं लक्षण फार काही सांगत नाही. उधारी फेडणारी, नोट्स वाटणारी, दांडी मारणारी मुलं वसतिगृहात खंडीभर असतात. ही सगळी लक्षणं एकाच मुलात, दोन-तीन आठवड्यांत, त्याच्या नेहमीच्या स्वभावाविरुद्ध जमा झाली की गोष्ट वेगळी होते. म्हणून ताडून पाहायचं ते त्याच्या कालच्या स्वतःशी. इतर मुलांशी तुलना करून काही कळत नाही.

बोलण्याकडे तर फारच लक्ष हवं. 'मला मरायचंय' असं उघड म्हणणारे असतात, आणि 'असं म्हणणारा करत नाही' हा समज साफ चुकीचा आहे. पण मराठी घरातला मुलगा बहुधा आडून बोलतो. "माझ्यामुळेच सगळ्यांना त्रास." "बाबांचं ओझं कमी होईल." "आता फार दिवस नाही लागायचे." ही वाक्यं ओझं, सुटका आणि निरोप यांच्याभोवती फिरतात. त्यातही आपण घरच्यांवर ओझं झालोय ही समजूत सगळ्यात घातक. तिच्या जोडीला कुणाशीच नातं उरलं नाही ही भावना आली की धोका आणखी वाढतो.

मग गुरुवारी तो एकदम शांत झाला. आंघोळ केली, कपडे धुतले, पार्टनरला चहा पाजला. पार्टनर काकूंना म्हणाला, "आता बरा वाटायलाय." कित्येक दिवस तळमळणारा माणूस काही कारण नसताना एका रात्रीत निवांत होतो, तेव्हा कधीकधी त्याचा निर्णय झालेला असतो. घरच्यांनी नंतर "शेवटचे दोन दिवस तर किती आनंदात होता" म्हणावं, ते याच दिवसांबद्दल.

शुक्रवारची रात्र

तुकडे जुळले ते योगायोगाने. काकूंनी पार्टनरला विचारलं, "तुझा दोस्त कोणत्या मेसला चाललाय?" पार्टनर म्हणाला, कुठेच नाही. काकूंच्या हातातला झारा थांबला. मग डब्याचं, ३४० रुपयांचं, नोट्सचं, पहाटेच्या गॅलरीचं बोलणं निघालं. काकू म्हणाल्या, "लेकरू पुरतं उतरलंय. आज रात्रीच विचार त्याला. मी पण येते."

९.४० ला पार्टनरने खोलीचं दार लोटलं, मोबाइल बाजूला ठेवला आणि आधी दिसलेलं सांगितलं: "तू जेवत नाहीस, झोपत नाहीस, नोट्स दिल्यास, मेसचा हिशेब मिटवलास. मला खरं सांग, तुझ्या मनात जीव द्यायचे विचार यायलेत का?"

थेट विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही भीती निराधार आहे. विचार आधीच असतो. विचारल्याने तो एकट्याचा राहत नाही. मात्र "तसलं काही वेडंवाकडं डोक्यात नाही ना?" असं विचारू नका. 'नाही ना' म्हणताच समोरच्याला हवं ते उत्तर कळतं आणि तो 'नाही' म्हणून मोकळा होतो.

मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हो. रोज."

पुढचे प्रश्न क्रमाने येतात. कधीपासून? कसं करायचं ते ठरवलंय का? त्यासाठी लागणारं जवळ आहे का? दिवस ठरवलाय का? याआधी कधी प्रयत्न केला होता का? 'झोपेत संपलं तर बरं' इथवर असलेला विचार आणि ठरलेली पद्धत, हाताशी साधन, नेमलेला दिवस यांत मोठा फरक आहे. पहिल्याला दोन-चार दिवसांत डॉक्टर दाखवायचा. दुसऱ्याला त्याच रात्री. याआधीचा प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सगळ्यात ठळक इशारा मानतात. या मुलाचा तसा प्रयत्न नव्हता, बाकी सगळं होतं. दिवस रविवार, टेस्ट सिरीजचा पेपर झाल्यावर.

त्याने पार्टनरचा हात धरला. "कुणाला सांगणार नाही अशी शपथ घे." इथे बहुतेक मित्र घसरतात. पार्टनर म्हणाला, "शपथ घेत नाही. पण तुला एकटं सोडत नाही. आपण दोघं मिळून एका मोठ्या माणसाला सांगू. कुणाला, ते तू सांग." शपथ मोडल्याने मैत्री काही दिवस रुसते. पाळली तर काय होईल ते सांगायला नको.

मुलाने काकूंचं नाव घेतलं. त्या दाराबाहेरच होत्या. आत येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. आई-बापाचा विचार कर, लोकांना काय काय भोगावं लागतं, अभ्यास कर म्हणजे विचार येत नाहीत: असलं एकही वाक्य त्यांनी काढलं नाही. आई-बापाचा विचार तो करतच होता. आपण गेलो तर ते सुटतील, हाच त्याचा हिशेब होता.

रेक्टर आले तेव्हा पहिली चूक झाली. ते म्हणाले, "साडेदहाची गाडी आहे, घरी पाठवून देऊ, उद्या आई-वडील बघतील." हेतू वाईट नव्हता. वसतिगृहाची जबाबदारी टळावी ही घाई मात्र त्यात होती. निर्णय झालेल्या मुलाला रात्रीच्या बसमध्ये एकटं बसवणं म्हणजे कुणाचीच नजर नसलेले चार तास त्याच्या हवाली करणं. पार्टनरने १४४१६ लावला. हा लागला नाही तर १८००-८९१-४४१६. आधी भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज पडली तर फोन मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. फोन स्पीकरवर होता. समुपदेशकांनी मुलाशी बोलायला मागितलं, धोका किती ते विचारलं आणि रेक्टरांना तीन गोष्टी सांगितल्या: एक क्षण एकटं ठेवू नका, साधन आत्ता ताब्यात घ्या, रात्रीच रुग्णालयात न्या.

साधन मुलाने स्वतः काढून दिलं. रेक्टरांनी ते वसतिगृहात न ठेवता आपल्या घरी कुलपात ठेवलं. या कृतीला कमी लेखू नये. जीव द्यायची तीव्र ऊर्मी लाटेसारखी येते आणि पुष्कळदा काही तासांत, कधी काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ साधन लांब असलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे या मार्गाने जात नाहीत. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी खाली आलं. लोकांची दुःखं काही ७० टक्क्यांनी कमी झाली नव्हती.

रुग्णालय

सव्वाअकराला ऑटोने सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अपघात विभागात. मुलगा मध्ये, पार्टनर आणि काकू दोन्ही बाजूंना. रस्त्यातच प्रकृती बिघडली असती किंवा त्याने काही घेतल्याचा संशय असता तर १०८ ची रुग्णवाहिका. जिथे वैद्यकीय महाविद्यालय नाही तिथे जिल्हा रुग्णालयाची मनोविकार ओपीडी असते. पुण्यात येरवडा, शिवाय ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण एवढ्यासाठी तिथवर धावायची गरज बहुधा पडत नाही.

दारावर केसपेपर काढताना "काय होतंय?" विचारतात. तिथे "अशक्तपणा" सांगू नका. "जीव द्यायचे विचार आहेत, दिवस ठरवला होता, साधन काढून घेतलंय" एवढं स्पष्ट सांगितलं की ड्यूटीवरचे डॉक्टर मानसोपचार विभागाला कॉल पाठवतात.

"पोलिस केस होईल का?" हा रेक्टरांचा प्रश्न. इथे प्रयत्नच झालेला नव्हता, त्यामुळे प्रश्नच नाही. प्रयत्न झालेल्यांसाठीही मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरावं आणि तिच्यावर खटला चालवू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३०९ घेतलेलंच नाही. पोलिसांच्या भीतीने रुग्णाला लपवणं, उशीर करणं, खोटा इतिहास सांगणं यात जीव जातात.

तपासणीत डॉक्टरांनी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरली. जास्तीत जास्त गुण २७, त्याचे आले १८, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासायला दिलं. पूर्वी कधी अति उत्साहाचे, झोपेची गरजच न वाटणारे दिवस आले होते का, हे त्यांनी खोदून विचारलं. तसा इतिहास असेल तर नुसतं नैराश्याचं औषध उलटू शकतं. म्हणून घरच्यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. दारूचं विचारलं. मामाचं तेव्हाच निघालं. मुलगा सज्ञान, त्यामुळे भरती त्याच्या संमतीने, चार दिवसांसाठी. आई-वडिलांना कळवायला तो आधी नको म्हणाला. जिवाला धोका असताना तो टाळण्यापुरती माहिती डॉक्टर घरच्यांना देऊ शकतात. तरी डॉक्टर त्याच्याशी अर्धा तास बोलत बसले आणि शेवटी त्यानेच नंबर दिला.

वडील पहाटे पाचला आले. पायात शेतातल्या चपला, हातात आईने फडक्यात बांधून दिलेले धपाटे. "काय कमी केलं रे तुला?" हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि ते रागाने नव्हे, धसक्याने आलेलं. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बाकावर नेऊन समजावलं: हा आजार आहे, तुमची चूक शोधायची वेळ नाही, आत जाऊन फक्त एवढंच म्हणा की तू सांगितलंस ते बरं केलंस. वडिलांनी आत जाऊन तेच म्हटलं, अगदी त्याच शब्दांत. मुलाने एक धपाटा पूर्ण खाल्ला.

हिरवं कार्ड

रुग्णालयातून सुटी मिळण्याच्या आदल्या दिवशी सुरक्षा आराखडा तयार झाला. स्टॅन्ली आणि ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची ही सहा टप्प्यांची पद्धत जगभर वापरतात. टप्पे डॉक्टरांचे, शब्द रुग्णाचे आणि अक्षरही त्याचंच. केसपेपरबरोबर मिळालेल्या हिरव्या कार्डामागे त्याने लिहिलं:

१. खूण : पहाटे तीनला जाग. छातीवर दगड. 'मी नसलो तर यांचं बरं होईल' हे वाक्य फिरायला लागतं.
२. एकट्याने : दिवा लावायचा, तोंड धुवायचं, खाली अंगणात दहा फेऱ्या. गच्चीवर जायचं नाही.
३. माणसांत : काकूंची मेस पहाटे साडेपाचला उघडते. कणीक मळायला बसायचं.
४. सांगायचं : रूम पार्टनर. मग धाकटे काका. बाबांना काका सांगतील.
५. मदत : वॉर्डचा फोन, १४४१६, रात्र असेल तर सरळ अपघात विभाग.
६. लांब ठेवायचं : रेक्टरांकडे दिलेलं परत मागायचं नाही. गावाकडचं काकांच्या ताब्यात.

सहाव्या ओळीतलं 'गावाकडचं' म्हणजे फवारणीची औषधं. मुलगा घरी जाण्याआधी काकांनी ती घरातून उचलून शेतातल्या आखाड्यावरच्या लोखंडी पेटीत ठेवली आणि किल्ली स्वतःच्या घरी नेली. डॉक्टरांनी आवर्जून विचारलं नसतं तर ते कुणाच्याही लक्षात आलं नसतं. शेतकऱ्याच्या घरात ती डबडी मिठाच्या बरणीइतकी सवयीची असतात.

'असं करणार नाही' असं हमीपत्र वसतिगृहाने मागितलं होतं. डॉक्टरांनी नकार दिला. अशा वचनांनी धोका कमी होतो याला आधार नाही. उलट पुन्हा विचार आला की रुग्ण लाजेने तो लपवतो. कार्डात मात्र विचार येणार हे धरूनच पुढचं पाऊल लिहिलेलं असतं.

नंतरच्या चुका

रुग्णालयातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे, त्यातही पहिला आठवडा, सगळ्यात नाजूक. घरच्यांना नेमकं तेव्हाच 'संकट टळलं' असं वाटतं. इथेही तसंच झालं. वडील नवव्या दिवशी पेरणीच्या कामाला लागले, नातेवाइकांना टायफॉइड सांगितला गेला, आणि बाराव्या दिवशी मुलाने गोळ्या बंद केल्या. "फरक पडेना, नुसतं मळमळतंय."

नैराश्याच्या गोळीचा मनावरचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण दिसायला सहा-आठ. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं पहिल्या आठवड्यातच येतं आणि बहुधा आपोआप जातं. म्हणजे आधी त्रास, नंतर गुण. हे पहिल्याच दिवशी तोंडी आणि लेखी सांगितलं नाही तर माणूस गोळी सोडतोच. शिवाय २५ च्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि असे विचार वाढू शकतात, म्हणून दर आठवड्याला तपासणी. गोळ्याही सात दिवसांच्याच आणि त्या वडिलांच्या किंवा काकांच्या हाती. या मुलाच्या हातात एका मेडिकलने महिन्याचा साठा दिला होता. तेराव्या दिवशीच्या ओपीडीत ते उघडकीला आलं. डॉक्टरांनी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली, साठा काढून घेतला आणि काकांना फोन लावला. बरं वाटू लागल्यावरही गोळी सहा ते नऊ महिने चालते आणि ती हळूहळू उतरवतात.

क्लासने जागा राखून ठेवली, पण टेस्टच्या क्रमवारीप्रमाणे मुलांना वेगळ्या तुकड्यांत बसवायची पद्धत तिथे चालूच होती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे पात्र समुपदेशक नेमावा, हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात ठळक लावावेत, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं, हे त्यात आहे. ज्या पालकांची मुलं अशा शहरांत आहेत त्यांनी फी भरतानाच हे चार प्रश्न विचारावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आत्महत्यांच्या नोंदींत १३,०४४ विद्यार्थी आहेत.

परीक्षेचा निर्णय डॉक्टरांनी पुढे ढकलायला लावला. नैराश्य ऐन भरात असताना शिक्षण सोडणं, शाखा बदलणं, लग्न असले मोठे निर्णय घेऊ नयेत. फॉर्मच्या मुदतीपर्यंत वाट पाहायची, तोवर रोज तीन तास अभ्यास, त्याहून जास्त नको.

पाठपुराव्यासाठी वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीतलं वेळापत्रक घेतलं: पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. नऊ वेळा फोन किंवा भेट, फोन पाच-दहा मिनिटांचाच. झोप कशी आहे, जेवतोस का, विचार येतात का, कार्ड कुठे आहे. पद्धतीच्या मूळ अभ्यासात चेन्नईचं केंद्र होतं. या तऱ्हेने संपर्क ठेवलेल्या रुग्णांत पुढचे मृत्यू कमी दिसले.

सातव्या आठवड्याच्या फोनवर मुलाने सांगितलं की मध्ये एकदा पहाटे तीनला तेच वाक्य फिरायला लागलं होतं. दिवा लावला, तोंड धुतलं, फेऱ्या मारल्या. तरी थांबेना. मग पार्टनरला उठवलं आणि दोघं साडेपाचपर्यंत जिन्यावर बसून राहिले. काकूंनी मेस उघडल्यावर परात पुढे सरकवली. अकराव्या आठवड्याची तारीख अधीक्षकांच्या वहीत लिहिलेली आहे, आणि रेक्टरांनीही ती आपल्या टेबलावरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे.